आधी आतला कंस

किस्से शेजारणींच्या डब्यांसारखे असतात. धुऊन परत द्यायचे राहतात आणि ओट्यावर साठत जातात. हे कतारमधल्या दोह्यातले आहेत, फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीच्या काळातले. थोडा तपशील चुकला असेल. माझं हल्ली सांगता येत नाही.

*

बायको गेल्यावर मुलानं, मंदारनं, मला इकडे आणलं. सूनबाई नातीच्या दहावीसाठी पुण्यात होती. मंदार स्टेडियमच्या साइटवर, शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मी गणितातला डॉक्टरेट, दिवसभर एसीचा आवाज ऐकत बसायचो.

एकदा लिफ्टमध्ये नाशिकची नूतन म्हणाली, "काका, f(g(x)) म्हणजे f गुणिले g ना? मुलगा म्हणतो, 'मम्मा, यू डोन्ट गेट इट!'"

मी म्हणालो, "गुणाकार नव्हे. g चं उत्तर f मध्ये घालायचं." घरी येऊन पुस्तकात पाहिलं. बरोबर होतं!

*

असा आमचा शुक्रवारचा वर्ग सुरू झाला. मुलांचा नव्हे, आयांचा! दुसरी विद्यार्थिनी रत्नागिरीची रुबीना. "आधी आतला कंस सोडवायचा," हे मी तऱ्हेतऱ्हेनं सांगून पाहिलं. शेवटी तीच नूतनला म्हणाली, "अगं, मासळी आधी साफ, मग मसाला. मसाला लावून साफ केलीस तर काय खाशील?"

तिच्या लेकीनं हे शाळेत इंग्रजीतून सांगितलं. मॅडमनी रुबीनाला बोलावून घेतलं. रुबीना घाबरत गेली, तर मॅडमना मसाल्याची रेसिपी हवी होती!

*

दोघी (2x − 3) चा वर्ग करताना मधलं पद हमखास विसरायच्या. मी ओरडायचो. एका शुक्रवारी फळ्यावर मीच 4x² + 9 लिहून पुढे गेलो. रुबीना हळूच म्हणाली, "सर, मधले बारा एक्स कुठं गेले? तिथंपण डायव्हर्जन लागलं काय?"

तेव्हा दोह्यात रोज एक रस्ता बंद व्हायचा. आम्ही पोट धरून हसलो. त्या गेल्यावर मात्र मी ते गणित पुन्हा पुन्हा करत राहिलो. विसरायला लागलो की काय?

मंदारला विचारणार होतो. पण आमचं बोलणं पार सिम्प्लिफाय झालं होतं. "जेवलात?" "जेवलो." "गोळी?" "घेतली." पुढे काढून टाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

*

कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, वर्ल्ड कपचं उलटं चालणारं घड्याळ लावलं होतं. मंदार म्हणायचा, "बाबा, या शुक्रवारी दाखवतो, इन्शाल्ला." शुक्रवारी साइटवरून फोन यायचा.

शेवटी नूतनच्या नवऱ्यानं मला नेलं. तो म्हणाला, "काका, बघा, किती कमी दिवस राहिले!" मला ते चांगलं वाटलं. घड्याळ संपलं की मंदार घरी असेल, एवढाच माझा हिशोब. कोणती टीम जिंकावी, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, "कोणतीही. पण लवकर!"

*

स्पर्धेआधी शाळांना मोठी सुट्टी लागली. नूतन नाशिकला, रुबीना रत्नागिरीला गेली. तरी शुक्रवारी मी सवयीनं फळ्यावर गणित लिहिलं: f(x) = x² − x, g(x) = x + 4, तर f(g(x)) काढा. आणि समोरच्या रिकाम्या सोफ्याकडे बघत बसलो.

इतक्यात मंदार आला. "चार्जर विसरलो, बाबा. खाली गाडी थांबलीय." फळा पाहून थबकला. बूट न काढताच त्यानं मार्कर उचलला. x च्या जागी कंसात x + 4 घातलं, वर्ग केला, मधलं पद लिहिलं, आतलं वजा केलं. खाली उत्तर: x² + 7x + 12.

"बरोबर ना?"

मी दोनदा तपासलं. अगदी बरोबर होतं.

"चूक," मी म्हणालो. "पहिल्यापासून कर."

त्यानं फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फोन वाजला. "तुम लोग निकलो, यल्ला," एवढं बोलून त्यानं तो बंद केला. बूट काढले, सगळा फळा पुसला आणि म्हणाला, "हं बाबा, सांगा. आधी काय करायचं?"