गंजाचे पंधरा दिवस

स्टाफरूममध्ये नववीचे पेपर तपासत बसले होते, तेव्हा शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले. "म्हात्रे बाई गेल्या, मॅडम. आज सकाळी, घरीच." हातातला पेपर मी पूर्ण तपासला, मार्क मांडले आणि मग विचारलं, "कुठल्या म्हात्रे बाई?" आमच्या शाळेत त्या एकट्याच होत्या. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

आपट्याहून रोज नवीन पनवेलला येणाऱ्या त्या विज्ञानाच्या बाई. मी पर्यवेक्षिका, म्हणजे कुणाचा पोर्शन कुठवर आला हे बघणं माझं काम. तीन वर्षांपूर्वी दहावीतल्या शबानाने त्यांना विचारलं, की लोखंडी पत्र्याला गंज आधी कडेलाच का लागतो? तिचे अब्बा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला, त्यामुळे तिने ते रोज पाहिलेलं. बाईंनी उत्तर सांगितलंच नाही. मुलांनी खिळे आणले, पत्र्याचे तुकडे आणले, कुणी मिठाच्या पाण्यात ठेवले, कुणी तेलात, रोजच्या नोंदी आणि त्यावरून रोजची भांडणं... पंधरा दिवस असेच गेले. मी म्हटलं, "बाई, बोर्ड गंजावर फार तर एखादा प्रश्न विचारेल. तुमचे दोन धडे राहतायत." त्या म्हणाल्या, "पहिल्यांदाच आपणहून विचारतायत, मॅडम. थांबा म्हणायला माझं तोंड उघडत नाय."

ते दोन धडे शेवटच्या आठवड्यात कसेबसे उरकले. पेपरात नेमकं त्यांच्यावरच बरंच आलं आणि शबानाला हवं असलेलं कॉलेज थोडक्यात हुकलं. तिचे अब्बा शाळेत आले. रागावले नाहीत. "बाईंनी मेहनत खूप घेतली, पण इम्तिहानात आलं तेच राहून गेलं," एवढंच म्हणाले. बाईंनी त्यांच्यापुढे हात जोडले. तेव्हा मला, खोटं कशाला सांगू, माझंच बरोबर ठरल्याचं समाधान वाटलं होतं.

पुढच्या वर्षी बाईंनी पोर्शन वेळेआधी संपवला. वर्ग शांत, कुणी काही विचारेना. एकदा डबा खाता खाता त्यांनी मला विचारलं, "आता बरंय ना?" मी हो म्हटलं. त्या होकाराचं काय करायचं, मला अजून कळत नाही. यंदा त्या मधली काहीतरी वाट शोधत होत्या, आठवड्याचा एक तास मुलांच्या प्रश्नांना. जमत होतं का? विचारायचं राहिलं...

शोकसभेला शबाना आली होती. हल्ली डिप्लोमा करते. न राहवून मी विचारलं, "तुला बाईंचा राग नाही आला?"

"आला होता. अजून आहे थोडा," ती म्हणाली. "पण शाळेतलं मला सगळ्यात जास्त आवडलेलंही तेच आहे, मॅडम. मग काय करू?"



बाईंचे वर्ग आता माझ्याकडे आलेत. प्रयोगशाळेच्या कपाटात त्यांची टाचणवही मिळाली, आठवड्याचं नियोजन लिहायची. निळ्या शाईत धडे, सगळे वेळापत्रकाप्रमाणे. आणि समासात पेन्सिलने, बारीक अक्षरात, मुलांची नावं आणि प्रत्येकाने काय विचारलं ते. दर महिन्याला या वहीवर मी सही केली आहे. समास कधी वाचला नव्हता. पुढच्या पानावर मी पुढच्या धड्याचं नाव लिहिलं आहे. त्याला किती तास द्यायचे, ती जागा अजून कोरीच आहे.