बाळाच्या खोलीतली चिलटं

बालीगंजच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या कालिंदीबाई पटवर्धनांना कुणी भित्रं म्हटलं असतं, तर त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी पोट धरून हसल्या असत्या. मिनीबसच्या कंडक्टरला त्या अस्सल बंगालीत असं झाडायच्या की बिचारा पुढचा स्टॉप पुकारायला विसरायचा. पण नातू झाला, तोही दिवस भरायच्या सात आठवडे आधी, आणि बाईंचं सगळं अवसान गळालं. लेक नूपुर बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ घरी आणलं तेव्हा जेमतेम दोन किलोचं. "याला जपा. साधा तापसुद्धा नको," डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य बाईंच्या काळजात रुतून बसलं.

आणि पंधरा दिवसांतच चिलटं आली.

बाळाच्या खोलीत खिडकीशी नऊ कुंड्या होत्या. मनीप्लांट, कढीपत्ता, दोन-तीन शोभेची झाडं. एका सकाळी पाणी घालताना मातीतून काळ्या बारीक किड्यांचा घोळका उठला, आणि त्यातला एक थेट बाळाच्या कपाळावर जाऊन बसला. बाईंनी दचकून डोळे मिटले. दुर्गापूजेचे मांडव नुकतेच उतरले होते, डासांचे दिवस होते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला परवाच डेंगीने रुग्णालयात हलवलं होतं.

"आई, काय झालं?" नूपुरने विचारलं.

"काही नाही गं. उन्हं आली डोळ्यांवर."

उन्हं कसली, बाहेर आभाळ भरलं होतं! पण ओली बाळंतीण, तिला कशाला सांगायचं?

मग बाई एकट्याच लढायला लागल्या. ओव्याची धुरी झाली, कडुनिंबाचं तेल झालं, कापूर झाला. चिलटं हटेनात. उलट रोज वाढायला लागली. एका दुपारी बाईंनी काडीने माती उकरली, तर आत पांढुरक्या, काळ्या डोक्याच्या अळ्या वळवळत होत्या. अगंबाई! ह्या अळ्या कुंडीतून उतरतील, जमिनीवरून सरपटत पाळण्यावर चढतील, बाळाच्या कानात शिरतील! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. मुंग्या लागू नयेत म्हणून दुधाच्या कपाटाच्या पायांखाली आई पाण्याच्या वाट्या ठेवायची, ते त्यांना आठवलं. त्यांनी पाळण्याच्या चार पायांखाली चार वाट्या ठेवल्या, काठोकाठ भरल्या आणि वरून पाळण्याची झालर सोडली. त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्यांचा डोळा लागला.

नवव्या दिवशी महापालिकेच्या आरोग्यसेविका शिप्रा मंडल घरोघरी साचलेलं पाणी तपासत आली. तिला पाहून बाईंना वाटलं, आता आपली चोरी पकडली जाणार. त्यांनी स्वतःच हात जोडून सगळं सांगून टाकलं. नूपुर आत अंघोळीला गेली होती, तेवढंच बरं.

शिप्राने कुंडीवर टॉर्च मारला आणि ती हसली. "काकिमा, हे डास नाहीत. ओल्या मातीतली चिलटं. चावत नाहीत, रोगही देत नाहीत. पण एवढी कशी झाली? मातीत काय घालता?"

"काही नाही हो. बाळाच्या अंघोळीचं पाणी."

बाईंच्या सासूबाईंची शिकवण होती ती. बाळाचं पाणी कुणी ओलांडू नये, मोरीत सोडू नये, झाडाच्या मुळाशी घालावं. पाचव्या मजल्यावर अंगण कुठलं? म्हणून कुंड्या. डाळीचं पीठ, साय, हळद कालवलेलं पाणी महिनाभर रोज त्या मातीत जिरत होतं.

"अहो, मेजवानीच दिलीत तुम्ही त्यांना!" शिप्रा म्हणाली. "ते पाणी बंद करा. माती वरून दोन बोटं सुकेपर्यंत थेंबभर घालू नका. वर वाळूचा थर द्या. पिवळ्या कागदाला तेल लावून कुंडीत खोचा, उडणारी त्याला चिकटतील. पंधरा-वीस दिवसांत जातील."

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या चहा टाकायला वळल्या.

"आणि हे काय आहे?"

शिप्राने पाळण्याची झालर वर उचलली होती. तिचं हसू मावळलं होतं. टॉर्चच्या उजेडात वाटीतल्या स्वच्छ पाण्यात बारीक वळवळे वरखाली करत होते. चारही वाट्यांत.

"काकिमा, डेंगीचे डास ह्यांचे होतात."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! निरुपद्रवी चिलटांच्या भीतीने बाईंनी काळच पाळण्याखाली पाळला होता, रोज झालर नीट करून. शिप्राने वाट्या ओतल्या, घासून कोरड्या केल्या. "मच्छरदाणी दिवसासुद्धा लावा. पंधरा दिवस ताप बघत राहा. जरा अंग गरम लागलं तर लगेच डॉक्टर," एवढं बजावून ती गेली.

नूपुर न्हाऊन आली. लपवावं, असं बाईंच्या मनात आलं. पण ह्यापुढे एकटीने बघायची ती गोष्ट नव्हती. त्यांनी रडत रडत सगळं सांगितलं. "मला आधी का नाही सांगितलंस?" असं ती किंचाळेल, म्हणून त्या मान खाली घालून थांबल्या.

नूपुरने बाळाचं दुपटं सोडलं आणि डावी टाच दाखवली. तिच्यावर दोन लाल गांधी होत्या.

"परवापासून आहेत," ती म्हणाली. "तू आधीच सारखी दचकतेस. म्हटलं, तुला कशाला घाबरवू."

बाईंनी थर्मामीटर आणला आणि बाळाच्या काखेत धरला. थर्मामीटर वाजला. कुणीच हलेना.

"तूच बघ," बाई म्हणाल्या. "माझा चष्मा कुठे गेलाय कोण जाणे."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. नूपुरने तो पाहिला आणि डोळे मिटून घेतले.