लाटेआड खोकला

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नणंदेची नखं निळी पडली.

तिच्या डाव्या कुशीतून एक रबरी नळी निघून खाटेखालच्या काचेच्या बाटलीत गेली होती. बाटलीत पाणी, आणि नळीचं टोक त्या पाण्यात बुडलेलं. ती श्वास घेई तसं नळीतलं पाणी वर चढे, सोडला की उतरे. आदल्या संध्याकाळी ते चार बोटं चढत होतं. आता जेमतेम हलत होतं. गळ्यात घरघर लागली होती. डॉक्टर दोनदा बघून गेले. कफ आत अडकलाय, म्हणाले, तो खोकून बाहेर आला नाही तर उरलेलं फुफ्फुसही बसेल.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई घडी केलेला टॉवेल तिच्या जखमेवर दाबून उभ्या होत्या.

"खोक," त्या म्हणत होत्या. "शिकवलंय ना तुला? खोक बघू."

नणंद ओठ आवळून पडली होती. खोकला गळ्यापर्यंत येई आणि ती तो गिळून टाकी. ते गिळणं मी ओळखलं. ते तिला मीच शिकवलं होतं.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. घरात सासू, ती आणि मी. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा दिसायचा. नणंदेला तेव्हापासूनच खोकला. सकाळी उठली की वाटीभर कफ पडे, त्याला सडलेल्या कालवांसारखा वास. क्षय नव्हता, ते डॉक्टरांनी पुढे सांगितलं. पण गावाला खोकला म्हणजे क्षय, आणि क्षयाच्या घरची मुलगी कोण करून घेणार? म्हणून आम्ही तो लपवला. खोकला आला की श्वास धर, जीभ दाताखाली घे, गिळ, पदर तोंडात कोंब, हे सगळं मी तिला शिकवलं. लवंग चघळायला दिली. ती हुशार, लगेच शिकली. एकदा बघायला माणसं आली होती, ती तासभर त्यांच्यासमोर बसली आणि एकदाही खोकली नाही. ती माणसं गेल्यावर मागच्या माडाला धरून तिने रक्त टाकलं. सासू म्हणाली, "बसली मात्र बरी." मलाही तसंच वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

रक्त पडायला लागलं तेव्हा मी तिला घेऊन घाट चढले. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता आणि छाती उघडणारा डॉक्टर आमच्या बाजूला कुणी ऐकलाही नव्हता. एसटीत सगळा दिवस गेला. इस्पितळात छातीचे फोटो काढले. डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग नासलाय, तो कापून काढायचा, पण आत्ता नाही, असं ठरलं. आधी इंजेक्शनं, आणि दीड महिना घरी व्यायाम. आतला पू जितका आधी निघेल तितकं बरं, आणि ऑपरेशननंतर जे करायचं ते आधीच अंगात बसलं पाहिजे. कापल्यावर दुखण्यात कोणी काही शिकत नाही, बाई म्हणाल्या.

त्या बाईंनी मला तीन दिवस बसवून शिकवलं. मी चौथी पास. त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितलं नाही. माझा हात धरून नणंदेच्या पाठीवर, खालच्या बरगड्यांवर ठेवला. एक हात उजवीकडे, एक डावीकडे.

"श्वास घे," त्या तिला म्हणाल्या.

उजवा हात उचलला गेला. डावा तसाच राहिला.

मी हात काढलेच नाहीत. माणसाच्या आत दोन बाजू अशा वेगवेगळ्या चालतात, एक उघडी आणि एक बंद, हे मला ठाऊक नव्हतं. त्या पोरीबरोबर मी एका चटईवर झोपले होते, तिची वेणी घातली होती, आणि माझ्या हाताखाली काय चाललंय ते मला कधी कळलं नव्हतं. देवळात मी हात जोडते आणि कामाला लागते. त्या दिवशी मात्र बाईंनाच माझे हात उचलून बाजूला करावे लागले.

मग बाईंनी बाकीचं दाखवलं. खांदे न उचलता बरगड्यांनी श्वास घ्यायचा. चिमणीची ज्योत अशी फुंकायची की वाकेल पण विझणार नाही. डावा हात रोज डोक्यावर न्यायचा, नाहीतर खांदा धरतो. उपाशीपोटी, डोकं खाली आणि कंबर वर करून पडायचं, म्हणजे पू आपोआप वरच्या वाटेला लागतो. आणि मग खोकायचं. दोन लहान, एक खोल, पोटातून. गिळायचं नाही.

"सांगू तेव्हा खोकता आलं पाहिजे," बाई मला म्हणाल्या. "एवढं एक चुकवू नका."

मी ते एकच चुकवलं.

घरी पहिल्या दिवशी पडवीच्या पायऱ्यांवर तिला उलटी निजवली. ती खोकली आणि शेजारच्या घरातली भांडी घासायची थांबली. सासू बाहेर आली.

"चार वर्सां तां तोंड दाबून ऱ्हवला. आता तू तेका ढोल बडवूक शिकवतंस?"

"डॉक्टरान सांगल्यान हा, आये."

"डॉक्टर येतलो तेका सोयरिक घेऊन?"

नणंद उठून बसली. "वैनी, माका जमाचा नाय. सगळी वाडी आयकता."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला किनाऱ्यावर नेलं. सकाळी नाही, सकाळी तिथे माणसं दुसऱ्या कामाला बसत. उन्हं चढली की आम्ही मुळे, म्हणजे वाळूतले शिंपले, काढायला म्हणून टोपली घेऊन निघायचो. सुरूच्या झाडांपलीकडे एक जुनी होडी उपडी पडलेली होती. तिच्यावर गोणपाट टाकून मी नणंदेला आडवी घाली. कंबर होडीच्या पाठीवर, डोकं खाली वाळूकडे. इस्पितळातली खाट इतकी बरी नव्हती.

समोर समुद्र. आमच्याकडे लाटा सारख्या येत नाहीत. दोन-तीन लहान येतात, मग एक मोठी येऊन धाडकन फुटते. मी तिला म्हटलं, लहान लाटांना श्वास घे, मोठी फुटली की खोक. त्या आवाजात बंदूक उडवलीस तरी कुणाला कळणार नाही.

मी उभी राहून सांगायची, "ल्हान... ल्हान... आता बघ मोठी येता... इली... इली... फुटली."

आणि ती खोके. पहिल्या दिवशी भीत भीत, आठवड्याने पोटातून. असा खोकला मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. म्हणजे ऐकला नाहीच, लाट ऐकली, तिची पाठ हललेली दिसली. वाळूत पडलेलं मी पायाने झाकून टाकी. महिन्याने त्याला वास उरला नाही. पंधरा-वीस दिवसांनी पाठीवर हात ठेवला तर डावीकडची वरची बाजू उचलत होती. मी दोनदा तपासलं. आपण बारा महिने भात शिजवतो, तो फुगतो त्याचं काही वाटत नाही. इथे बरगडी दोन बोटं वर आली आणि मी तिसऱ्यांदा हात ठेवला.

"काय झाला?" नणंदेने खालूनच विचारलं.

"काय नाय. पडून ऱ्हव. तोंड बघ, केळफुलासारखा झाला हा."

"उलटा टांगल्यार तुझा काय चंद्रासारखा होतला?"

आम्ही परत गेलो. सासू कुणकेश्वराला नवस बोलली आणि घरी राहिली. इस्पितळात बाईंनी पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मग म्हणाल्या, "आता खोकून दाखव."

वॉर्डात आठ खाटा. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. नणंदेने भिंतीकडे तोंड केलं आणि पदरात एक बारीकसा खोकला काढला.

"रोज करत होता ना?" बाईंनी मला विचारलं.

"रोज," मी म्हटलं. ते खरंच होतं. लाटेचं मी बोलले नाही. लाजेने बोलले नाही. समोरच्या खाटेवर एक शाळामास्तरीण होती, तिचंही त्याच आठवड्यात ऑपरेशन होतं. ती सगळं घड्याळ लावून करायची, तिचा खोकला बाई सगळ्यांना ऐकवायच्या. तिच्यासमोर मी काय सांगणार, की आम्ही होडीवर पडून समुद्राआड खोकतो? कागदावर सही मीच केली. पाच अक्षरं, सावकाश.

आणि आता तिची नखं निळी होती.

मी बाईंना म्हटलं, "सरा बघू."

त्या सरल्या नाहीत, पण टॉवेलची एक बाजू त्यांनी माझ्या हातात दिली. मी दुसरा हात नणंदेच्या बरगड्यांवर ठेवला. वॉर्ड गप्प होता. बाहेर ऊन, एक कावळा. समुद्र कुठेच नव्हता.

"ल्हान," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, किनाऱ्यावर म्हणायचे तसंच. "ल्हान. घे श्वास. आणि एक ल्हान."

तिने डोळे उघडले.

"वैनी, लोक आसत."

"लोकांक पाण्यात बुडव. ल्हान... आता मोठी येता बघ. मोठी आसा. इली... इली..."

तिचा श्वास थांबला. मला वाटलं, परत गिळते.

"फुटली."

ती खोकली. माझ्या हाताखाली अख्खी छाती उचलली गेली. ती ओरडली, आणि पुन्हा खोकली, आणि तिसऱ्या वेळी तोंडातून हिरवा, दोरीसारखा चिवट गोळा आला. बाईंनी तो बोटाने ओढून काढला. खाली बाटलीत एकदम बुडबुडे उठले, आणि मग नळीतलं पाणी चार बोटं वर चढलं. उतरलं. पुन्हा चढलं.

मी खाली बसून ते बघत राहिले. आयुष्यभर समुद्राची भरती-ओहोटी बघितली होती, पण ती बाहेरची. ही एका पोरीच्या आतून निघून औषधाच्या बाटलीत चालली होती. तिचा हात दिसत होता, नखांचा रंग बदलत होता. मला उठायचं सुचेना.

बाई हात धुऊन आल्या. "हे मला आधी सांगायचं होतं," एवढंच म्हणाल्या. रागाने म्हणाल्या, आणि बरोबर होतं ते.

पलीकडच्या खाटेवर घाटावरचीच एक शेतकरीण होती. समुद्र तिने बघितलेला नव्हता. तिचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. संध्याकाळी तिने मला बोलावलं.

"ते काय म्हनत हुता तुमी? इली इली? मला बी म्हना की."

"तुला समुद्र माहीत नाही. लाट कशी कळणार?"

"कळंना का. तुमी म्हना, मी खोकते."

मी तिलाही म्हटलं. ऑपरेशनआधी रात्री जेवणापूर्वी तीनदा, आणि नंतर रोज. बाई आल्या की मी गप्प व्हायचे. चौथ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "थांबलात कशाला?"

घरी आल्यावर नणंद पडवीत बसून, दार उघडं टाकून खोके. सासू आत निघून जाई. लग्न झालं नाही तिचं.

त्या आठवड्यात आमच्या वॉर्डातल्या तिघींच्या छात्या उघडल्या. मास्तरीण सगळं नीट करत होती, ती पाचव्या दिवशी गेली. शेतकरीण जगली. माझी नणंद जगली.