शिट्टी वाजवायची नाही

कतारने काय दिलं असं विचारलं, की आमच्या ओळखीतले लोक पुण्यातला फ्लॅट सांगतात. मी वरच्या मजल्यावरच्या बाई सांगते. अल सद्द भागातल्या आमच्या इमारतीतली लिफ्ट त्या दिवशी बंद पडली नसती, तर ही गाठ पडलीच नसती. मी भाजीच्या पिशव्या ओढत जिना चढत होते आणि एक इंग्रज आजी पायरीवर बसून धापा टाकत होत्या. घरात आणून पाणी दिलं, तर त्यांनी पहिल्याच वाक्यात मला ‘डार्लिंग’ म्हटलं. मी हुरळून गेले. पुढे कळलं, इमारतीची राखण करणाऱ्या नातूरलाही त्या डार्लिंग म्हणतात आणि माझ्या नवऱ्यालाही. नाटकात इतकी माणसं भेटतात की नावं लक्षात राहत नाहीत, मग सगळेच डार्लिंग.

त्या नटी होत्या. मुलगी आणि जावई इथे शाळेत शिकवतात, त्यांच्याकडे कायमच्या राहायला आलेल्या. रोज चारला चहाला येऊ लागल्या आणि मला फुकटात एक अख्खं आयुष्य ऐकायला मिळालं. शाळा संपताच घर सोडून त्या फिरत्या नाटक कंपनीत गेल्या. सुरुवातीला कामं कसली, तर स्टेज झाडायचं, चहा करायचा आणि कुणी आजारी पडलं की त्याच्या जागी उभं राहायचं. संध्याकाळी एका नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्याची तालीम. गाव बदललं की नवी खोली, नवी खडूस घरमालकीण. मग लग्न, मुलं, काही वर्षं घरच. परत आल्या तेव्हा नायिकेचं वय निघून गेलेलं. वाट्याला आल्या आया, नर्सा आणि घरमालकिणी. ‘ज्या बायकांनी मला छळलं, त्यांच्याच नकला करून मी पोट भरलं,’ त्या म्हणायच्या. सिनेमात छोटी कामं केली, पण त्यांचा त्यांना कोण अभिमान! ‘कॅमेऱ्यासमोर मी पुष्कळदा मेले आहे. मरायला मला फार छान जमतं.’

एकदा मी सहज विचारलं, नाटक का सोडलं? त्यांनी कप खाली ठेवला. एका दुपारच्या प्रयोगात भर रंगमंचावर त्यांना पुढचं वाक्य आठवेना. समोरच्या नटाने सांभाळून घेतलं. पडदा पडल्यावर त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या, त्या पुन्हा कुठल्याच नाटकगृहात गेल्या नाहीत. ‘कुणी हाकललं नाही, डार्लिंग. पण परत ये, असंही कुणी म्हणालं नाही.’

मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही, पण आला.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाचं दिवाळीचं नाटक मी बसवत होते. परदेशी निघालेल्या मुलीची गोष्ट, आणि शेवटी तिच्या आईला समजावणारी एक इंग्रज शेजारीण. अशा भूमिकेसाठी आमच्याकडे कुणाला तरी पावडर फासून, विग चढवून तोडकंमोडकं मराठी बोलायला लावतात. माझं डोकं फिरतं. मी बाईंना विचारलं. त्या साफ नाही म्हणाल्या. पुन्हा तसं झालं तर आपण त्यातून उठणार नाही, असं म्हणाल्या. पण हट्टात मी माझ्या आईवर गेले आहे. दोनच मराठी वाक्यं आहेत, मी शिकवते, असं म्हणत पंधरवडाभर मी त्यांच्या मागे लागले. शेवटी त्या हो म्हणाल्या.

आमच्या तालमी घरात होतात. अर्धी माणसं काम करायला येतात, अर्धी खायला. सोफ्यावर सासवा, खाली पोरं. पडदा उघडायच्या आधी अख्ख्या मंडळाला नाटक तोंडपाठ झालेलं असतं.

पहिल्या तालमीत बाईंनी वाक्य म्हटलं, ‘तिला जाऊ द्या. फक्त दार उघडं ठेवा.’ अशा काही ढंगात म्हटलं की आमचे लाइटवाले भाऊ, गॅस प्लांटमधले इंजिनिअर, मूळचे लातूरचे, त्यांनी कडक शिट्टी मारली. बाई पांढऱ्याफटक पडल्या.

‘नाटकात शिट्टी नाही!’ त्या ओरडल्या. जुन्या काळी तिकडे रंगमंचावरचे पडदे दोरांनी, शिट्टीच्या खुणेवर खाली सोडत. भलती शिट्टी वाजली की वरचं वजन नटाच्या डोक्यात. तेव्हापासून शिट्टी म्हणजे अपशकुन.

‘अहो, कौतुकानं वाजिवली की, बाई!’ भाऊ कळवळले. उपयोग झाला नाही. अपशकुन उतरवायचा तर बाहेर जायचं, स्वतःभोवती तीन फेऱ्या मारायच्या, दार वाजवायचं आणि आत येऊ का विचारायचं. भाऊंनी निमूटपणे सगळं केलं. दार बाईंनी स्वतः उघडलं. ‘विचारलं की आत घ्यायचंच,’ त्या मला म्हणाल्या, ‘हाही नियमच आहे.’

मी सगळ्यांना दम भरला, प्रयोगात एकही शिट्टी नको. आमच्या लोकांना हे सांगणं म्हणजे मिसळ बिनतर्रीची वाढणं.

प्रयोग शुक्रवारी संध्याकाळी, एका शाळेच्या हॉलमध्ये होता. एंट्रीआधी विंगेत बाईंचा हात माझ्या हातात होता, गार पडलेला. त्या गेल्या. ‘तिला जाऊ द्या,’ स्वच्छ आलं. ‘फक्त...’ आणि थांबल्या. त्यांचे डोळे हरवलेले मला विंगेतून दिसले. प्रॉम्प्टर म्हणजे माझा नवरा, आणि तो बाईंचं काम बघण्यात इतका रंगला होता की पान उलटायचं विसरला!

पहिल्या रांगेतून एक सासूबाई म्हणाल्या, ‘दार.’ मग मागून कुणीतरी. मग आरतीला लागावा तसा सगळ्या हॉलचा एकच सूर लागला, ‘दार उघडं ठेवा!’ घरात इंग्रजीशिवाय तोंड न उघडणारी आमची पोरंसुद्धा त्यात होती.

नटाने प्रेक्षकांकडे बघायचं नसतं, असं बाईंनीच मला बजावलं होतं. त्या वळल्या आणि त्यांनी सगळ्यांकडे नीट बघितलं. मग सावकाश वाक्य पुरं केलं, ‘दार उघडं ठेवा.’

टाळ्या थांबेनात. भाऊ दोन्ही हातांनी तोंड दाबून उभे होते.

शेवटी नमस्काराला सगळ्यांनी ओळीने उभं राहायच्या आधी बाईंनी मला विचारलं, ‘एकही शिट्टी नाही? त्यांना आवडलं नाही का?’ मी दम भरलाय, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पुढे जाऊन दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की भाऊंनाही लाजवील. मग काय विचारता, हॉल दणाणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराबाहेर पाय घासल्याचा आवाज आला. मी दाराच्या भिंगातून बघितलं. बाई भिंतीला हात लावून हळूहळू स्वतःभोवती फिरत होत्या. एक फेरी झाली, थोडं थांबून दुसरी, मग तिसरी. केस सारखे केले. शेजारी बेल असताना बोटांनी दार वाजवलं.

मी उघडलं.

‘आत येऊ?’ त्यांनी मराठीत विचारलं.

‘या, बाई,’ मी म्हटलं.