थांबलेला हात

सकाळी दुकान उघडण्याआधी मी माझाच एक व्हिडिओ पाहत होते. ब्लाउजच्या मुंढ्याला बाही जोडण्याचा धडा. त्यात एका जागी मशीन बंद आहे, मी गप्प आहे आणि माझा हात कापडावर नुसता थांबला आहे. तो हात पाहून मला फार बरं वाटलं.

शिवणकामात माझं नाव झालं ते वेगावर. ऑनलाइन कोर्सचे पहिले धडेही मी त्याच तोऱ्यात केले. शिकणाऱ्या एका मुलीनं लिहिलं, "ताई, तुमचं शिवून झालं, माझी सुई अजून ओवायचीय." राग आला मला. मग लेकीला समोर बसवून शिकवलं, तिची नजर कुठे अडते ते पाहिलं आणि तिथे थांबायला शिकले. शिवण शिकण्याहून हे अवघड गेलं. समोर नसलेल्या माणसासाठी थांबायचं, तर तो समोर बसलाय असं मनापासून मानावं लागतं.

व्हिडिओ जोडताना लेक म्हणालीही होती, "आई, ही रिकामी जागा कापून टाकू?"

"राहू दे. तेवढ्यात शिकणाऱ्या मुली बाही उलटवून घेतात."

दुपारी एका गिऱ्हाइकासमोर बाही जोडताना हात आपोआप थांबला. बाईंनी विचारलं, "काय हो, चुकलं का काही?"

"नाही. मागून मुली येतायत."

त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. मी आणखी जराशी थांबले आणि मग मशीन चालू केलं.