कड्यावरचं जांभळं फूल

वनस्पती-संग्रहालयाच्या मागच्या खोलीत वाळलेली झाडं कागदावर चिकटवणाऱ्या बाईंना सगळे डिंकमावशी म्हणत. बोटांना डिंक आणि जिभेला धार, दोन्ही कायमचं. दूर समुद्रात एक बेट होतं; तिथली झाडं जगात दुसरीकडे कुठेच उगवत नसत. दाबून, सुकून, तपकिरी होऊन ती मावशींच्या टेबलावर येत. त्यातल्या एका लांब देठाच्या झुडपावर त्यांचा फार जीव. चिठ्ठीवर फुलाचा रंग ‘जांभळा’ एवढाच लिहिलेला. जांभळा म्हणजे कसला, शाईचा की वांग्याचा? एकतीस वर्षं मावशींना तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

“मेल्यावरच ओळख झाली गं आमची,” त्या बहिणीला म्हणत. “एकदा जिवंतपणी भेटायला नको?”

“तुझं आपलं काहीतरीच! बोटीत बसलीस तर तुलाच घडी घालून परत आणावं लागेल.”

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा देव पावला. मावशींनीच पान मांडायला शिकवलेल्या तरुण संशोधिकेने त्यांच्यासाठी बेटावर जाणाऱ्या बोटीत एक जागा मिळवली. मावशी दोन दिवस कठडा धरून ओकत गेल्या. उतरताना सगळ्यांचे बूट घासून घेतले, खिसे झटकले. बाहेरचं बी बेटावर जायला नको. कशालाही हात लावायचा नाही, अशी वर ताकीद. मुक्काम तीन तासांचा.

संशोधिका झाडांच्या मोजणीला गेली आणि मावशी मान खाली घालून शोधत हिंडल्या. देठ उभा, वर फूल, कागदावर त्या चिकटवत तसं. अडीच तासांत एकही दिसेना. अगदी रडकुंडीला येऊन त्या कड्याखाली बसल्या.

“नसेल आमच्या नशिबात.”

“मावशी, अहो वर बघा ना!” परत आलेली संशोधिका म्हणाली.

डोक्यावर, कड्याच्या भेगेतून ते झुडूप खाली लोंबत होतं. सगळ्या फुलांची तोंडं जमिनीकडे.

“अगं बाई! इतकी वर्षं मी तुला डोक्यावर उभं केलं?” मावशी फुलालाच म्हणाल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. असला जांभळा त्यांनी कधी बघितलाच नव्हता. शिवाय त्याला वास होता, आणि तो कुठल्याच चिठ्ठीवर कुणी लिहिला नव्हता. हात पाठीमागे घट्ट धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

बोटीचा भोंगा वाजला.

“चला मावशी. बघून झालं ना?”

“झालं,” मावशी म्हणाल्या. पाय मात्र उचलेना. “बघितलं की ओढ संपेल, असं वाटलं होतं मला. आता तर आठवण येणार गं.”