मी आज भर गाऱ्हाण्यात 'नाय महाराजा' म्हटलं

मित्रांनो, ज्या स्कूटर कंपनीच्या कामासाठी मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं, ती दिवाळखोरीत गेली. सरकार मध्ये पडलं आणि एका मोठ्या कंपनीने तिला गिळलं.

आज तळेऱ्यातल्या आमच्या शोरूमवर नवा बोर्ड चढला. देवाला गाऱ्हाणं घालायला सायलीचे बाबा आले होते. मला लग्न करायचंय ते सायलीशीच. बाबांच्या हातात नारळ, नजर माझ्यावर.

"बा देवा, बुडलेल्या कंपनीतल्या पोरांपासून माझ्या चेडवाक सांभाळ रे महाराजा!"

चेडू म्हणजे लेक, सायली. सगळे सवयीने ओरडले, "व्हय महाराजा!" माझे मेकॅनिक दोस्तसुद्धा!

माझं डोकंच फिरलं. "नाय महाराजा! कंपनी बुडली, मी बुडूक नाय!"

तेवढ्यात मागून आणखी एक "नाय महाराजा!" आला. सायलीचा.

आता सांगा, देवाने कोणाचं ऐकलं असेल?